द्राक्षावरील पांढरेपणा : स्वतःचा कीं परका?

माघ-फाल्गुनांत शहरांतील घरोघरीं द्राक्षें येतात. ताटलींतला घड उजेडाकडे धरला तर मण्यांवर एक पांढुरकी झांक दिसते आणि गृहिणी क्षणभर थबकते. हा रस्त्यावरचा धुरळा, बागेंत मारलेलें औषध, कीं बुरशी? कोणी फडक्यानें एकेक मणी पुसून चकचकीत करतें, कोणी घड मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवतें, तर कोणी तो सबंध टाकूनच देतें. तासगांवच्या एखाद्या मांडवाखालीं उभा असलेला बागाईतदारहि त्याच पांढरेपणाकडे पाहून हाच प्रश्न स्वतःला विचारीत असतो. फरक एवढाच कीं, शहरांत या प्रश्नाच्या उत्तरावर एक घड अवलंबून असतो आणि तेथें सबंध वर्षाची कमाई.

तासगांव हा आज सांगली जिल्ह्यांतील तालुका आहे. 1949 पूर्वीं तो सातारा जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग व विलीन झालेलीं संस्थानें मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. सह्याद्रीपासून पूर्वेकडे जावें तसतसा या मुलखांत पाऊस कमी होत जातो. तासगांव, कवठे महांकाळ, मिरज, खानापूर, पलूस या तालुक्यांतील कोरड्या हवेंत द्राक्षवेल चांगली रुजली. थॉम्सन सीडलेस हा तेथील मुख्य वाण, आणि त्यांतूनच निवडलेला 'तास-ए-गणेश' हा वाण तर तासगांवचें नांवच मिरवितो. येथें वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यामुळें फळ देणारी काडी तयार होते. आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, तिच्यानंतर फूट, फुलोरा, मणी आणि गोडी असा क्रम चालून सुमारें चार-साडेचार महिन्यांत घड काढणीस येतो. या चार महिन्यांत बागेंत पांढरें असें जें जें दिसतें, त्याचा अर्थ बरोबर लावणें हें बागाईतदाराच्या कौशल्याचें मोठें अंग होय.

पांढरें दिसलें म्हणजे रोग आला, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. वनस्पतीलाहि स्वतःची लव असते. सातारा-सांगलीकडील रब्बीच्या शेतांत याचें साधें उदाहरण पाहावयास मिळतें. हरभऱ्याच्या पानांवर व घाट्यांवर बारीक केस असतात. त्यांतील पुष्कळांच्या टोंकाला एक सूक्ष्म ग्रंथि असते आणि तिच्यांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल स्रवत असतें. पहाटेच्या दंवांत तें उतरतें. धुतलेलें फडकें पिकावरून फिरवून तें पिळून घेतात. हीच हरभऱ्याची आंब. हरभऱ्याच्या शेतांतून उघड्या पायांनीं चालणाऱ्याच्या पायांची आग होते ती या आम्लानेंच. ही लव कोणी रोग मानीत नाहीं. ती झाडाचें संरक्षण आहे. भांगेच्या झाडावरील ज्या चिकट, चकाकणाऱ्या ग्रंथींना बुरशी समजण्याची चूक परदेशांतील लागवडींत नेहमीं होते, त्या ग्रंथीहि याच जातीच्या. 

द्राक्षवेलीचा स्वतःचा पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. पहिला लवेचा. महाराष्ट्रांतील पुष्कळ बागांतून वेलीचें कलम 'डॉगरिज' नांवाच्या जंगली जातीच्या खुंटावर बांधलेलें असतें. या खुंटाला खालून फूट आली तर तिच्या कोवळ्या पानांवर कोळिष्टकासारखी पांढुरकी लव दिसते आणि नवख्या माणसाला ती बुरशी वाटते. वर मांडवावर पसरलेल्या थॉम्सनचीं पानें मात्र जवळजवळ नितळ असतात. कोवळ्या फुटीवर कधीं कधीं खसखशीएवढे, पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक मणीहि दिसतात. तीं किडीचीं अंडीं नव्हेत. जोमानें वाढणाऱ्या वेलीनें स्वतःच तयार केलेले ते कण असतात.

दुसरा पांढरेपणा मेणाचा, आणि शहरांतील ताटलींत दिसतो तो बहुधा हाच. मणी वाढत असतां त्याच्या सालीवर मेणाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा थर बसत जातो. त्यांतील मुख्य द्रव्य ओलिॲनोलिक आम्ल हें होय. पापुद्रे एकमेकांवर अस्ताव्यस्त रचलेले असल्यामुळें उजेड त्यांवर विखुरतो आणि मणी धूसर दिसतो. हा थर मण्यांतील पाणी उडूं देत नाहीं आणि बाहेरचें पाणी सालीवर टिकूं देत नाहीं. बागेंत व बाजारांत या झांकेला 'लस्टर' म्हणतात आणि जाणता व्यापारी ती पाहूनच भाव करतो. कारण ज्या घडावर ती अभंग आहे, त्याची हाताळणी कमी झाली, असा तिचा अर्थ होतो. घरीं जो मणी पुसून चकचकीत केला जातो, त्याचें हेंच पांघरूण काढून घेतलें जातें आणि तो लवकर सुकतो.

आतां परक्या पांढरेपणाकडे वळूं. त्यांत पहिली येते ती भुरी. हा रोग मूळचा अमेरिकेंतला. 1845 सालीं इंग्लंडांतील मार्गेट येथें टकर नांवाच्या माळ्याला कांचघरांतील वेलींवर तो प्रथम दिसला, आणि 1847 सालीं बर्कली या शास्त्रज्ञानें त्या माळ्याच्या नांवावरूनच बुरशीला नांव दिलें. पुढील कांहीं वर्षांत फ्रान्समधील द्राक्षांचें उत्पन्न भुरीनें पार खालीं आणलें, आणि तेथील शेतकऱ्याला तारलें तें गंधकाच्या भुकटीनें. एरिसिफे नेकेटर हें या बुरशीचें आजचें शास्त्रीय नांव. ही बुरशी पानाच्या किंवा मण्याच्या पृष्ठभागावर बसते, तेथेंच आपल्या तंतूंचें जाळें पसरते आणि सालीच्या वरच्या पेशींत सोंडा खुपसून अन्नरस शोषून घेते. तिला पाण्याच्या थेंबाची गरज नसते. 20 ते 27 अंश सेल्सिअस तपमान, ढगाळ हवा आणि दाट पालवीची सावली तिला पुरते. रखरखीत ऊन व 35 अंशांवरील उष्णता तिला मानवत नाहीं. अनुकूल हवेंत एका बीजाणूपासून नव्या बीजाणूंची पिढी पांच ते सात दिवसांत तयार होते.

भुरीचें खरें नुकसान कोवळ्या मण्यांत होतें. फळधारणेनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत मणी तिला सहज बळी पडतो. बुरशीनें मारलेली साल वाढत नाहीं, आंतला गर मात्र वाढत राहतो, आणि शेवटीं मणी तडकतो. त्या तडीवाटे दुसऱ्या बुरशी शिरतात आणि घड कुजतो. पुढें मणी मोठा झाल्यावर त्याच्यावर नवा रोग सहसा बसत नाहीं. परंतु घडाचा दांडा आणि मण्यांचे देठ तिला उघडे राहतात. म्हणून काढणीच्या सुमारास भुरी शोधावयाची तर ती मण्याच्या गालावर नव्हे, देठाशीं शोधावी.

एका बागेंतील प्रसंग यासाठीं उपयोगी पडेल. जानेवारीचा शेवट होता, चार दिवस आभाळ भरून येत होतें, आणि मुलगा पाठीवर पंप घेऊन मांडवाखालीं आला होता.

"आबा, मण्यांवर पांढरं धरलंय. गंधक मारून घेतो."

म्हाताऱ्यानें उत्तर न देतां एक मणी पुढें केला. "बोटानं पूस बघू. खाली काय दिसतंय?"

"साल. चकचकीत."

"डाग?"

"नाही."

"मग पंप खाली ठेव. हे मेण आहे. यावर औषध मारलंस तर झांक जाईल, डाग तेवढे राहतील, आणि व्यापारी निम्म्यानं मागेल." 

मुलाचें समाधान झालें. म्हाताऱ्याचें झालें नव्हतें. पालवी जेथें दाट होती त्या कडेच्या वेलींकडे तो गेला आणि घड उलटा करून त्यानें आंतले मणी पाहिले. तेथें देठांवर राखेसारखी भुकटी होती. मणी पुसला तेव्हां खालीं चकचकीत साल निघाली नाहीं. तपकिरी रेषांचें जाळें निघालें. नाकाशीं धरला तर कुबट वास आला. एकाच बागेंत दोन्हीं पांढरेपणा होते. त्या दिवशीं रोगट घड कापून पोत्यांत भरून बागेबाहेर नेले गेले, कडेची पालवी विरळ केली गेली, आणि उरलेल्या बागेची झांक राखली गेली. मुलगा एकट्यानें आला असता तर त्यानें चांगल्या घडांवर औषध मारलें असतें. आणि म्हातारा पहिल्या मण्यावरच थांबला असता तर कडेचे रोगट घड बागेंतच राहिले असते.

दुसरा परका पांढरेपणा केवड्याचा. बागाईतदार त्याला इंग्रजी नांवावरून 'डाऊनी' म्हणतात. याला कारण होणारा जीव, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, दिसावयास बुरशीसारखा असला तरी शास्त्राच्या दृष्टीनें खरी बुरशी नव्हे. त्याचें नातें शेवाळवर्गाशीं अधिक जवळचें आहे. याची रीत भुरीच्या उलट. भुरी वर बसते, केवडा आंतून येतो. पावसाच्या किंवा दंवाच्या पाण्यांत त्याचे बीजाणु पोहत पानाच्या रंध्रांशीं पोहोंचतात आणि आंत शिरतात. कांहीं दिवसांनीं पानाच्या वरच्या अंगाला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. आणि एखाद्या दमट रात्रीं, अंधारांत, त्याच डागाच्या बरोबर मागें पांढरा कापूस फुटतो. 2019 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अवकाळी पाऊस लांबला, तेव्हां सांगली व नाशिककडील बागांचें जें अतोनात नुकसान झालें त्यांत केवड्याचा मोठा वांटा होता.

फ्रान्समध्यें हा रोग 1878 सालीं पोहोंचला. तेथील मेदॉक भागांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचें निळसर पाणी शिंपडण्याची चाल होती. 1882 सालीं बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस आलें कीं, आंतल्या वेलींचीं पानें गळालीं आणि रस्त्याकडच्या वेली मात्र हिरव्या राहिल्या. 1885 सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेलें तें बोर्दो मिश्रण. मोरचूद आणि चुना यांची ही जोडी आजहि बागाईतदाराच्या परिचयाची आहे.

पानाच्या मागील पांढरें हें लव आहे कीं केवडा, हें ठरविण्यास एक बिनखर्ची परीक्षा आहे. पानाचा वरचा पृष्ठभाग प्रथम पाहावा. लव असेल तर वर डाग नसतो, आणि मागें ती शिरांच्या कडेनें किंवा सगळ्या पानावर सारखी पसरलेली असते. केवडा असेल तर तो ठिगळाठिगळांनीं असतो आणि प्रत्येक ठिगळाच्या वर पिवळा डाग असतो. तरीहि शंका राहिली तर पानावर पाण्याचा हबका मारून तें पिशवींत बंद करावें व रात्रभर अंधाऱ्या, फार थंड नसलेल्या जागीं ठेवावें. जिवंत केवडा असल्यास सकाळीं डागामागें ताजा पांढरा कापूस फुटलेला दिसतो. लव जशी होती तशीच राहते. कित्येक द्राक्षदेशांत एका सूक्ष्म कोळ्याच्या दंशामुळें पान वरून फुगतें आणि मागें दाट पांढरे केस येतात. हे केस वेलीचेच असतात. पिशवींत ठेवल्यानें ते वाढत नाहींत, आणि ओल्या बोटानें पुसूनहि निघत नाहींत.

दहा पटींचें एखादें भिंग जवळ असेल तर काम आणखी सोपें होतें. लवेचा प्रत्येक केस सालींतून स्वतंत्र उगवलेला, बुडाशीं रोवलेला दिसतो. भुरीचे तंतु आडवे पसरलेले, एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांवर बीजाणूंच्या लहान माळा उभ्या असतात. केवड्याच्या कापसांत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दिसतात. मेणांत यांपैकीं कांहींच नसतें. केवळ धूसर, अखंड पृष्ठभाग असतो.

तिसरें पांढरें आहे तें औषधाचें. फवारा सुकतांना थेंबाच्या कडेला औषध अधिक सांठतें. त्यामुळें मण्यांवर गोल कडीं उमटतात, किंवा थेंब ओघळून जेथें थांबला त्या खालच्या टोंकाशीं ठिपका राहतो. मेण मण्यावर चोहोंकडे सारखें असतें. औषध थेंबाची वाट दाखवितें. हें पांढरें निरुपद्रवी समजून चालत नाहीं. म्हणूनच काढणीपूर्वीं किती दिवस कोणतें औषध बंद करावें याचे नियम आहेत आणि परदेशीं जाणाऱ्या द्राक्षांतील औषधांचे अंश प्रयोगशाळेंत मोजले जातात. 2010 सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक द्रव्याचा अंश आढळल्यामुळें भारतीय द्राक्षांचा पुष्कळ माल युरोपांत अडला आणि बागाईतदारांना मोठी झळ लागली. जें डोळ्यांना दिसतहि नाहीं तें सुद्धां माल परत फिरवूं शकतें, हें त्या वर्षानें शिकविलें. रोग नसतां मारलेलें औषध आणि रोग असतां न मारलेलें औषध, दोन्हींची किंमत बागाईतदारालाच मोजावी लागते. पुण्याजवळ मांजरी येथें 1997 सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याच विषयांत मार्गदर्शन करीत आलेलें आहे. परंतु बागेंतल्या मण्यावरून बोट फिरविण्याचें काम कोणतेंहि केंद्र बागाईतदारासाठीं करूं शकत नाहीं.

ज्या मेणाचें एवढें जतन करावयाचें, तेंच मेण बेदाणा करतांना आडवें येतें. तासगांव-सांगलीचा बेदाणा देशभर जातो. द्राक्ष नुसतें वाळत घातलें तर मेणामुळें आंतलें पाणी सुटण्यास फार दिवस लागतात. म्हणून दर लिटर पाण्यांत सुमारें 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व 15 मिलिलिटर इथिल ओलिएट मिसळून त्यांत घड कांहीं मिनिटें बुडवितात. त्यानें मेणाच्या थरांतून पाण्याला वाट मिळते. मग शेडमध्यें जाळीच्या थरांवर पसरलेलीं द्राक्षें सुमारें दोन आठवड्यांत वाळतात.

घरांत डब्यांतील जुन्या बेदाण्यावरहि पुढें पांढरें दिसूं लागतें आणि प्रश्न पुन्हां उभा राहतो. तें दाणेदार व कडक असेल, बोटांत चुरल्यास रवाळ लागत असेल आणि कोमट पाण्यांत विरघळत असेल, तर ती फळांतलीच साखर वर आलेली आहे; बेदाणा खाण्यास चांगला आहे. तें मऊ, कापसासारखें असेल, पाण्यांत न विरघळतां तरंगत असेल आणि कुबट वास येत असेल, तर ती बुरशी होय. अशा वेळीं वरचे चार दाणे काढून बाकीचे ठेवण्याचा मोह आवरावा. बुरशीचे तंतु व तिचें विष डोळ्यांना दिसतें त्याच्या पलीकडे गेलेलें असूं शकतें. तो डबा रिकामाच केलेला बरा.

या सर्व परीक्षांचें सार तीन प्रश्नांत सांगतां येतें. पांढरें कोठें आहे? जें फळाचें स्वतःचें तें सर्वत्र सारखें असतें. परकें तें ठिगळांत, सांदींत, देठाशीं असतें. पुसल्यावर खालीं काय उरतें? मेणाखालीं निरोगी साल निघते, भुरीखालीं व्रण. आणि उद्यां तें किती असेल? लव व मेण रात्रींतून वाढत नाहींत, रोग वाढतो. तासगांवच्या मांडवाखालीं हे प्रश्न विचारावयास आठवड्यांतून चार वेळां वांकून घड उलटे करावे लागतात. शहरांतील गृहिणीला एवढे कष्ट नाहींत. घड उजेडांत धरून देठाकडील मणी पाहावे, एक मणी बोटानें पुसावा, तडकलेले वा मऊ पडलेले मणी काढून टाकावे, आणि खाण्याच्या वेळींच वाहत्या पाण्याखालीं द्राक्षें धुवावीं. त्यापूर्वीं मात्र मण्यांवरची झांक राहूं द्यावी.